गळका दवाखाना, ठाणे ते टिटवाळा

ठाण्याहून डोंबिवलीला आगगाडीनं जायला अर्धा तास लागतो. आम्हाला दीड दिवस लागला. लोक काश्मीर बघून येतात, बद्रीनाथ करून येतात आणि त्यावर लिहितात. मी टिटवाळ्यापर्यंत जाऊन आले आणि लिहिते आहे. ज्यांनी ही गावं फक्त गाडीच्या खिडकीतून पाहिली आहेत, त्यांनी ती पाहिलीच नाहीत असं माझं मत आहे. मीही त्यांच्यातलीच होते.

आमचं वाहन कसलं होतं ते आधी सांगते. लढाई संपली, इंग्रज गेले आणि लष्कराचं जुनं सामान लिलावात निघालं. त्यातली एक बस आमच्या संस्थेनं घेतली. बाकं उपटली, मधोमध लोखंडी टेबल ठोकलं, त्यावर मोठा दिवा टांगला, मागं औषधांचं कपाट बसवलं, आणि झाला डोळ्यांचा फिरता दवाखाना. पावसाळा सरत आला की तो ठाण्यातून निघतो, वाटेतल्या गावांतल्या लोकांचे मोतीबिंदू काढतो आणि दिवाळीच्या आत परत येतो. गावातल्या शाळा कौलारू. वरून माती पडते, उंदीर फिरतात. म्हणून डोळा कापायचा तो गाडीतच.

गाडीत आम्ही चौघं. डॉक्टर वयस्क आणि अबोल. सिस्टरबाई गोव्याकडच्या. ड्रायव्हर सखारामदादा साताऱ्याचे. चौथी मी. औषधं बनवणं, हत्यारं उकळून देणं आणि नोंदी ठेवणं हे माझं काम. माझे वडील टेंभी नाक्याजवळ शिंपीकाम करतात. आमच्या घराण्यात माझ्याआधी मॅट्रिकसुद्धा कुणी झालं नव्हतं. मी रसायन घेऊन बी.एस्सी. झाले. हे मी सांगते, कारण ते खरं आहे, आणि पुढं जे झालं त्यात त्या पदवीचाही हात होता.

ठाणे

निघायच्या आदल्या दिवशी हस्ताची पहिली सर आली आणि गाडी गळते हे कळलं. सखारामदादा म्हणाले, पत्रेकाम करणारा एक माणूस ओळखीचा आहे, त्याला बोलावतो. मी म्हटलं, काही गरज नाही. पाणी कुठून येतं ते शोधायचं आणि तिथं बुजवायचं, याला कारागीर कशाला?

दवाखान्यात पोटॅशियम परमँगनेट असतंच. जखमा धुवायला वापरतात ती जांभळी पूड. मी ती बादलीभर पाण्यात विरघळवली, शिडीनं टपावर चढले आणि सगळं पाणी टपावर ओतलं. विचार असा, की आत जिथं जांभळा थेंब दिसेल तिथं भोक. विचारात चूक नव्हती असं मला अजूनही वाटतं. फक्त टेबलावरच्या पांढऱ्या चादरी काढायच्या राहिल्या. डॉक्टरांनी आत डोकावून विचारलं, की पहिलं ऑपरेशन झालं की काय.

थेंब चार ठिकाणी दिसले. खडूची पूड आणि जवसाचं तेल मळून मी रंगारी करतात तशी लांबी केली आणि आतून चारही जागा बुजवल्या. मग सहज गाडीच्या अंगाला खालच्या कडेनं पाहिलं, तर तिथंही बोटाएवढ्या भोकांची रांग. तीही बुजवली.

"ताई, ती भोकं कंपनीनं ठेवलेली हायत," सखारामदादा म्हणाले. "उगाच न्हाई ठेवत कुणी."

मी म्हटलं, गंजानं पडली असतील. त्यांनी विडी पेटवली आणि चाकांची हवा बघायला गेले. पदवीधर माणसाशी लोक एका मर्यादेपलीकडं वाद घालत नाहीत. तो त्या माणसाचा तोटाच असतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं.

कळवा, मुंब्रा, शीळ

खाडीच्या पुलावर भरतीचं पाणी गढूळ, चहासारखं. मुंब्र्याच्या डोंगरावरून धारा अजून उतरत होत्या, काही दोरीएवढ्या, काही नुसत्या ओल्या रेघा. डोंगराच्या पायाशी पाऊस लागला. आत थेंब पडेना. मी मनात खूश होते.

मग सखारामदादांनी ब्रेक लावला, आणि गाडीच्या अंगातून डबडब असा आवाज आला. पुन्हा ब्रेक, पुन्हा डबडब. शीळच्या वळणावर त्यांच्या डोक्यावरच्या फटीतून गार पाण्याची चूळ निघाली ती थेट मानेवर. दर ब्रेकला हाच प्रकार. त्यांनी टॉवेल गळ्याभोवती गुंडाळला आणि शांतपणे म्हणाले, "ताई, गाडी गाभण हाय." सिस्टरबाईंना मराठी बेताचं येतं, पण हे त्यांना बरोबर कळलं.

शीळच्या पुढं कच्च्या रस्त्यात चाक रुतलं. ते काढेपर्यंत दिवस गेला आणि मुक्काम एका शेतकऱ्याच्या पडवीत पडला. तिथली भाकरी अजून आठवते. आमच्याकडं तांदळाची भाकरी पातळ, पोळीच्या वळणाची. इथली परातीएवढी, आणि पांढरी इतकी की माझ्या हातातला रुमाल तिच्यापुढं मळका दिसला. तिच्यावर सुकट आणि कच्चा कांदा. मीठ वेगळं, खडे खडे, करड्या रंगाचं. आमच्या घरी मीठ बरणीतून चमच्यानं काढतात. इथं ओल्या नारळासारखं मुठीनं वाढतात. घरच्या बाईला विचारलं, तर म्हणाली, मिठाला आमच्यात हात आखडत नाहीत. ते खाडी देते.

डोंबिवली

डोंबिवली म्हणजे स्टेशन, त्याच्या आसपास नोकरदारांची नवी घरं, आणि ती संपली की भातशेतं. शेतांच्या पलीकडं खाडी आणि मिठागरं. आम्ही खाडीच्या बाजूला, शाळेच्या पटांगणात गाडी लावली. मिठागरं या दिवसांत पाण्याखाली असतात. नुसते बांध तेवढे वर दिसतात, पाटीवर खडूनं आखलेल्या रेघांसारखे. दिवाळीनंतर पाणी कोंडून मीठ पिकवायला सुरुवात होते.

तपासणीला बरेच लोक आले. त्यांत धाकलू आणि त्याची बायको चांगूबाई. दोघं मिठागरावरचे आगरी, साठीच्या आसपासचे. धाकलू बांध राखणारा. भरतीचं पाणी बांध फोडून आत शिरू नये म्हणून जो माणूस रोज बांधावरून फिरतो, चिंबोऱ्यांनी, म्हणजे खाडीतल्या खेकड्यांनी, पाडलेली बिळं बुजवतो, तो. त्याचा एक डोळा पूर्वी कुणा फिरत्या माणसानं मोती काढतो म्हणून सुई घालून कायमचा घालवला होता. दुसऱ्यात पिकलेला मोतीबिंदू. दोन वर्षं चांगूबाई त्याच्या जागी बांधावरून फिरत होती. यंदा मुकादमानं सांगून टाकलं होतं, की बांधाला डोळस पुरुष लागतो. दिवाळीनंतर काम सुरू होईल तेव्हा धाकलूला दिसत नसेल तर बांधावरची झोपडी सोडा. झोपडी बांध राखणाऱ्याची असते.

डॉक्टरांनी डोळा पाहिला आणि म्हणाले, होईल. मग मला बाजूला घेऊन त्यांच्यासाठी बरंच लांब असं भाषण केलं. एकच डोळा आहे. तो उघडा असताना छतातला घाण पाण्याचा एक थेंब त्यात पडला तर हा माणूस जन्मभराचा आंधळा. गाडी परवापर्यंत कोरडी असेल तर करीन. नसेल तर इथून कुणाचंही न करता पुढं जाऊ. म्हणजे धाकलूची पाळी पुढच्या वर्षी.

त्याच दुपारी पाऊस आला आणि टेबलाच्या बरोबर वर पाचवा थेंब दिसला. मी लांबी मळायला घेतली. ती जागा बुजवली तर वीतभर अंतरावर सहावा.

बाहेर धाकलू गाडीला टेकून बसला होता. त्यानं पत्र्यावर थाप मारली, कान लावला, पुन्हा खालच्या बाजूला थाप मारली.

"हिच्या पोटात पानी हाय," तो म्हणाला. मग खालच्या कडेनं हात फिरवत गेला आणि माझ्या लांबीच्या गोळ्यांपाशी थांबला. "उघाड्या कोनी बुजवल्या?"

उघाडी म्हणजे बांधातलं दार, आलेलं पाणी बाहेर सोडायचं. मी म्हटलं, मी बुजवल्या. तो हसला नाही. त्यानं फक्त विचारलं, की पानी येयाचं तं येनार, बाय, ते जानार कटं? आणि माझ्या उत्तराची वाट न बघता नखानं पहिला गोळा उकरला.

जे पाणी सुटलं ते तपकिरी होतं. मागच्या बाजूनं पुढपर्यंत सात-आठ धारा लागल्या आणि पटांगणात ओहोळ झाला. माझी जांभळी पूड आतल्या लाकडाशी आणि गंजाशी मिसळून तपकिरी झाली होती. त्याचं कारण मी तिथल्या तिथे समीकरणासह सांगू शकले असते. सखारामदादा म्हणाले, "सुटली बिचारी," आणि मी समीकरण गिळलं.

पण टेबलावरचा थेंब थांबला नव्हता. धाकलू म्हणाला, मना वर नेवा. मी नको म्हटलं. ज्याला दिसत नाही असा माणूस, परवा ज्याचं ऑपरेशन, तो दहा फूट उंच ओल्या पत्र्यावर! खरं कारण तेवढंच नव्हतं. माझं काम एका न शिकलेल्या माणसानं हातात घ्यावं हे मला जड जात होतं. चांगूबाईनं माझ्याकडं पाहिलं. तिला बहुतेक दोन्ही कारणं दिसली.

"तू वर ये," ती म्हणाली. "त्याचा एक हात तू धर, एक मी धरतंय. पडला तं तिघं पडू."

तिनं घरून सूपभर भाताचं तूस आणि टोपलीभर खाडीचा चिकण चिखल आणला. टपावर, सामान बांधायच्या दोन लोखंडी पट्ट्यांमध्ये, तिनं चिखलाचा चार बोटं उंच बांध घातला. तिनं बांध घातला तो बघण्यासारखा होता. एकदा हात फिरवला की पुन्हा त्या जागी हात नाही. मग आत पाणी ओतलं, निवळू दिलं, आणि वरून तूस भुरभुरवलं.

बांधातलं बीळ असं शोधतात. कोरड्या बाजूला जिथं पाणी झिरपतं तिथं कितीही माती लावा, उपयोग नाही. बीळ ओल्या बाजूला असतं आणि झिरप कुठंतरी लांब निघतो. म्हणून पाण्यावर तूस टाकायचं आणि गप्प राहायचं. आम्ही तिघं गप्प राहिलो. तूस तरंगलं, इकडंतिकडं झालं, मग हळूहळू एका अंगानं सरकायला लागलं. मुंग्यांची रांग जावी तसं ते पट्टीच्या एका बोल्टकडं गेलं आणि तिथं गोल जमलं. दुसरं थोडं पत्र्याच्या जोडावर रेघ धरून बसलं. दोन्ही जागा टेबलापासून चार हात पुढं होत्या. पाणी तिथून आत शिरायचं, आतल्या कमानीवरून मागं वाहत जायचं आणि टेबलावर टपकायचं. पाणी आत आल्यावर कुठं दिसतं तेवढंच माझ्या जांभळ्या पाण्यानं सांगितलं होतं.

"तूस बसलं?" धाकलूनं विचारलं.

"बसलं," चांगूबाई म्हणाली, आणि त्याचा हात धरून बोल्टवर ठेवला.

मग तो आणि दुसरा असे दोन्ही दिवस तेच काम. धाकलू आपल्या होडीच्या फटी जशा बुजवतो तशा त्यानं या बुजवल्या. चांगूबाई मांडीवर कापसाच्या लांब वाती वळायची. राळ आणि तेल उकळायचं काम माझं. ते मला जमलं, हे मी सांगणारच. राळ करपू न देता तेलात विरघळवायची म्हणजे आच कळावी लागते, आणि आच मला कळते. धाकलूनं पहिल्याच वेळी थेंब अंगठ्याच्या नखावर घेऊन ताणून पाहिला आणि म्हणाला, पोरीचा हात बरा हाय. विद्यापीठानं मला दुसरा वर्ग दिला होता. त्यापेक्षा हे मला जास्त वाटलं.

वात राळेत बुडवायची, जोडावर ठेवायची आणि लाकडी पाचरीनं ठोकत ठोकत आत बसवायची. धाकलू हे सगळं बोटांनी करत होता. डाव्या हाताचं बोट पुढं फटीतून सरकायचं, उजव्या हातातली हातोडी मागून यायची. एकदाही बोटावर बसली नाही. मध्येच तो थांबून चांगूबाईला चिडवायचा, की वात जाड वळलीस, डोला तुझा गेलाय की माझा. ती म्हणायची, माझा गेला असता तं तू मना दोन वर्सं हाताला धरून फिरवलं असतंस का ते सांग आधी. तो म्हणायचा, नसतं फिरवलं, दुसरी बायको केली असती. मग दोघंही हसायची. टपाखालून सखारामदादाही हसायचे. डॉक्टर खिडकीशी बसून वाचत असत. त्यांचं पान उलटलेलं मी पाहिलं नाही.

आमच्या घरी आई वडिलांशी असं बोलत नाही. आमच्यात नवराबायको चारचौघांत फक्त कामाचं बोलतात. मी तिथं राळ ढवळत हे ऐकत होते आणि कान कुठं ठेवावेत ते मला कळत नव्हतं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळपासून उकाडा होता. धाकलूला टेबलावर निजवलं. बधिर करायचं औषध मी डोळ्यात घातलं. चांगूबाई बाहेर पायरीवर बसली. डॉक्टर हात धुऊन आले, दिवा लागला, आणि नेमका तेव्हा पाऊस आला. हस्ताचा पाऊस, गडगडाट करून येणारा. पत्र्यावर इतका आवाज झाला की सिस्टरबाई काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही. डॉक्टर थांबले. त्यांनी मला खूण केली. कोपऱ्यात त्यांची छत्री होती. ती उघडून टेबलावर धरायची.

मी उघडली. कापडाचा फट्‌ असा आवाज झाला.

धाकलूच्या तोंडावर कापड होतं, फक्त डोळा उघडा. त्या कापडाखालून तो म्हणाला, "बाय, छत्री मिट. ते मी बुजवलंय."

मी डॉक्टरांकडं पाहिलं. त्यांनी छताकडं पाहिलं, जोडाच्या जागेकडं, मग टेबलाकडं. पावसाचा जोर वाढला होता. मिटली आणि एक थेंब पडला, तर तो कुणाच्या हातून पडला असं म्हणायचं? छत्री माझ्या हातात होती.

"मिटा," डॉक्टर म्हणाले.

मी मिटली. पुढची वीस-पंचवीस मिनिटं मी छताकडं बघत हत्यारं दिली. सिस्टरबाईंनी दोनदा माझ्या हातातलं चुकीचं हत्यार काढून घेतलं. मी तरी छतावरून नजर हलवली नाही. कोरडं होतं. शेवटपर्यंत कोरडं राहिलं.

कल्याण, टिटवाळा

मोतीबिंदू काढल्यावर आठ दिवस दोन्ही डोळ्यांवर पट्टी, उताणं निजायचं, मानेच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. सिस्टरबाई धाकलूपाशी आणि त्या दिवशी ऑपरेशन झालेल्या बाकीच्या रुग्णांपाशी शाळेत थांबल्या आणि आम्ही तिघं पुढच्या गावांत नुसती तपासणी करायला गेलो.

कल्याणला खाडीकाठी बंदर आहे, तिथं गलबतं लागतात. एका गलबताच्या तांडेलाला मी आमचं छप्पर दाखवलं. तो वर चढला, खाली आला, आणि म्हणाला काम चांगलं आहे, फक्त ज्यानं केलं तो होडीवाला दिसतो, गाडीवाला नाही. मी म्हटलं, तो बांधवाला आहे. टिटवाळ्याला सखारामदादांना गणपतीचं दर्शन घ्यायचं होतं. देवळाचं तळं काठोकाठ होतं आणि काळू नदी शेतांच्या मागून वाहत होती, अंगणात कुणीतरी पसरून ठेवलेल्या ओल्या लुगड्यासारखी. तिथं अळूची भाजी खाल्ली. आमच्याकडं अळूत चणाडाळ आणि गूळ. तिथं वालाचे दाणे आणि चिंच. चांगलं लागलं, पण मी जेवताना अर्धी डोंबिवलीत होते. डोळा मागाहून पिकतो, त्यात पू होतो, पट्टी काढल्यावर काळोखच निघतो, असं मी वहीत पूर्वी लिहून घेतलेलं होतं. एक डोळा. दुसरा नाही.

परत डोंबिवली

आठव्या दिवशी दुपारी पोचलो. डॉक्टरांनी पट्टी काढली, डोळा पुसला, बोटं पुढं धरली.

"किती?"

"तीन. आनि नखं कापायला झालीत," धाकलू म्हणाला.

डॉक्टर हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. पेटीतला जाड भिंगांचा चष्मा त्यांनी धाकलूच्या नाकावर बसवला आणि बजावलं, की महिनाभर वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही.

संध्याकाळी आम्हाला ठाण्याला निघायचं होतं. चांगूबाई म्हणाली, थोडं थांबा, बांधावर येऊन जा. मी गेले. ओहोटी होती. खाडीचा चिखल उघडा पडला होता आणि त्यावर निवट्या, चिखलातली ती बोटभर मासळी, उड्या मारत होत्या. धाकलू पुढं चालला होता, अगदी सावकाश, एकेक पाऊल टाकून. भिंगांमुळं त्याला जमीन जवळ दिसत असावी. त्यानं मान खाली घातली की चांगूबाई मागून ओरडायची, वाकू नको सांगितलंय ना डागतरानं.

बांधाला जागोजागी वेगळ्या रंगाची माती होती. दोन वर्षांत तिनं बुजवलेली बिळं. काही तळहाताएवढी, काही सुपाएवढी. मी मोजायला लागले आणि सोडून दिलं. धाकलू पहिल्यापाशी थांबला. वाकता येत नव्हतं, म्हणून त्यानं टाचेनं दाबून पाहिलं. भार टाकला. माती हलली नाही.

"हे कंचं?"

"श्रावणातलं. उधानाच्या पान्यातलं. कमरेइतक्या पान्यात उभी होतू मी."

त्यानं टाच उचलली. दुसऱ्यापाशी गेला, टाच दाबली. तिसऱ्यापाशी गेला. तिसऱ्यावर तो दोन्ही पाय ठेवून उभा राहिला.

"बरं बुजवलंयस," तो म्हणाला.

चांगूबाईनं पदर तोंडाला लावला आणि खाडीकडं बघितलं. मग पदर सोडून, नेहमीच्या आवाजात म्हणाली, "नुसती तीन काय बगतस? सगला बग."

आणि धाकलूनं सगळा बांध पाहिला. उघाडीपासून पार पलीकडच्या वळणापर्यंत, दर जागेवर थांबून, टाच लावून. ती मागून सांगत होती, हे कंचं, ते कंचं, कुठल्या उधाणाचं. मी बांधाच्या तोंडाशी उभी राहिले. पटांगणात गाडी उभी होती, सखारामदादा चाकावर हात ठेवून बसलेले, डॉक्टर त्यांच्या शेजारी. ठाण्याला पोचायला आम्हाला उशीर होणार होता, हे दोघांनाही ठाऊक होतं. कुणी हॉर्न वाजवला नाही.